निकाल लागेस्तोवर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी पूर्ण वाचा, मग रागवा. स्कूटीसाठी टाकत होते ती आरडी मी मोडली. गोलूच्या अपिलाचा निकाल लागेस्तोवर दर महिन्याला अडीच हजार आईच्या खात्यात येतील. तुम्ही लेकीचे पैसे घेत नाही, माहीत आहे. म्हणूनच लिहिते आहे. फोनवर असा विषय निघाला की तुम्ही फोन आईकडे देता.

स्कूटीवाचून माझं काहीच अडत नाही. कंपनीची बस खोलीच्या कोपऱ्यावर थांबते. डबा चांगला आहे, ज्वारीची भाकरीसुद्धा असते. पावसाळ्यात तर बसच बरी. मी उपाशीतापाशी राहून पाठवत नाही, एवढं मनातून काढून टाका.

आई, हे पैसे गोलूचे नाहीत, तुझे आहेत. फेरतपासणीत त्याच्या अपंगत्वाचे टक्के चाळीसच्या खाली लिहिले, म्हणून संजय गांधी निराधार योजनेचा पगार थांबला. तिथं त्याचा हात-पाय पाहिला. रात्री फिट येईल म्हणून तू पदराचं टोक त्याच्या मनगटाला बांधून झोपतेस, ते कोणत्या रकान्यात लिहिणार? तू निंदणाला, वेचणीला जाणं सोडलंस. ती मजुरी कोण धरतं? दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात, २४ व्या कलमात, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचं लिहिलेलं आहे. म्हणजे सांभाळणं हे काम आहे, हे कायद्यालाही कळतं. अपिलाची सोयही त्यातच आहे, ५९ व्या कलमात. आपण कोणापुढे हात पसरलेला नाही.

आणि बाबा, माझ्या फीच्या वेळी ढवळ्या विकलात, तेव्हा मी नको म्हटलं होतं का? दावणीकडे बघून रडले, तुम्ही डोक्यावरून हात फिरवला, आणि मी कॉलेजात गेले. आता तुम्ही नको म्हणू नका.

आता ऐका. अपिलाची पोचपावती आणि जुनं प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकमध्ये ठेवा. मागितलं तर झेरॉक्स द्या, मूळ कागद हातचा सोडू नका. दुकानदाराची उधारी आधी फेडा. तूर घाईनं व्यापाऱ्याला घालू नका. गोलूला फिट आली तर तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन. फिटची गोळी एक दिवसही चुकवू नका, पैसे संपले म्हणून तर मुळीच नाही. बाबा, तुमची बीपीचीही.

आई, त्याला एकटीनं उचलू नकोस गं, तुझी कंबर आधीच धरते. काकूला हाक मार, ती नाही म्हणणार नाही.

निकाल आपल्यासारखा लागला तरी पैसे लगेच थांबवणार नाही. गोलूचा पगार खात्यात पडायला लागला की मग बोलू. सोमवारी पासबुक भरून आणा.

तुमची,
मीना