आई, पानं सहा आहेत

प्रिय आई, बाबा,

हे पत्र बाबा मोठ्याने वाचणार आणि आई डोळे मिटून ऐकणार, हे धरूनच लिहायला बसले आहे. आई, पानं सहा आहेत. वाचन सुरू होण्याआधी हातात घेऊन बोटांनी मोज, कारण चौथ्या पानावर जे आहे ते बाबा गाळतील.

मुद्द्याचं आधी सांगून टाकते, नाहीतर मी दोन पानं हवापाण्यावरच बोलत बसेन. विभागप्रमुखाच्या जागेला मी नकार दिला. मागच्या सोमवारी लेखी कळवलंसुद्धा. तुमच्यापासून अर्ध्या तासावरची ती नोकरी नाकारली आणि जंगलातल्या प्लॉटची, म्हणजे झाडं मोजायला आखलेल्या तुकड्याची, जबाबदारी घेतली, पाच वर्षांसाठी. तुम्हाला न विचारता. विचारलं असतं तर तुम्ही दोघंही "तुझं तू बघ, आमची काळजी करू नकोस" म्हणाला असतात, आणि ते खरं मानून मी मोकळी झाले असते. तसं मोकळं व्हायचं नव्हतं. निर्णय चुकला असेल तर तो माझ्या एकटीच्या नावावर राहू दे.

बाबा, तुम्ही माझी वरची खोली रंगवून घेतलीत हे दादाने सांगितलं. त्यानंतर दोन रात्री मला झोप लागली नाही. खोली वाया जाणार नाही. दर तीन महिन्यांनी पंधरा दिवस मी घरी असेन, आणि ते काही पाहुणी म्हणून नाही. मोजणीच्या नोंदी तपासण्याचं काम टेबलावरचंच असतं, ते मी त्याच खोलीत बसून करीन. पगार आहे तोच. पदही प्राध्यापकाचंच. निवृत्तिवेतनात काही फरक पडत नाही, हे मी कार्यालयात दोनदा विचारून घेतलं आहे. बाबा पहिला प्रश्न हाच विचारणार, मला माहीत आहे.

दुसरा प्रश्न तुम्ही मागे विचारलाच होतात: तीच ती झाडं पुन्हा पुन्हा कशाला मोजायची? तेव्हा मी स्टेशनवर होते, गाडी लागली होती, काहीतरी उत्तर दिलं. आता नीट सांगते.

जंगल बदलतं ते आपल्याला दिसत नाही, इतकं हळू बदलतं. दाट सावलीतली कितीतरी झाडं वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा जाड होत नाहीत. शंभर मोठ्या झाडांमागे वर्षाला एखाद-दुसरंच मरतं. म्हणून हजारो झाडं धरायची, प्रत्येकाला आकडा द्यायचा आणि दर पाच वर्षांनी त्याच झाडाकडे परत जायचं. ही रीत रुळली ती पनामा कालव्याच्या तळ्यातल्या बारो कोलोराडो बेटावर. तिथे स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला 50 हेक्टर जंगल आखून घेतलं आणि जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर ज्याचं खोड निदान एक सेंटिमीटर जाड आहे असं प्रत्येक रोप, प्रत्येक झाड मोजलं. दोन लाखांवर खोडं, जवळजवळ तीनशे जाती. त्यानंतर जगात ठिकठिकाणी तसे प्लॉट झाले. आमचा त्यापुढे लहान आहे, पण रीत तीच.

आमच्या पहिल्या मोजणीत मी तेवीस वर्षांची होते आणि खिळे ठोकायचं काम माझ्याकडे होतं. ॲल्युमिनियमचा बिल्ला, त्यावर आकडा, ॲल्युमिनियमचाच खिळा, आणि खिळा पूर्ण आत जाऊ द्यायचा नाही, कारण झाड पुढे जाड होणार असतं. मी सुरुवातीला जोरात ठोकायचे. गेल्या मोजणीत त्यातलं एक झाड भेटलं. सालीने बिल्ला तीन बाजूंनी गिळला होता, शेवटचे दोन आकडे तेवढे बाहेर होते. मी नखाने साल उचलून बघत होते आणि माझ्या विद्यार्थिनीला वाटलं, मला बरं नाही.

अशा पाच मोजण्या झाल्या. पाचही मोजण्यांत असलेले आता दोघंच: सर आणि मी. सरांचे गुडघे आता तो चढ चढू देत नाहीत. कुठल्या झाडाचं मूळ पंखासारखं पसरत वर आलं म्हणून मोजायची रेघ वर सरकवावी लागली, कुठल्या दोन जाती कोवळ्या असताना हुबेहूब सारख्या दिसतात, हे वहीत लिहिलेलं आहे, पण वही वाचून हाताला कळत नाही. मोजणी दोन वर्षं पुढे ढकलली तर काय होतं, असं दादाने विचारलं. मेलेलं लहान रोप तेवढ्यात कुजून जातं. बिल्ला पालापाचोळ्याखाली जातो. मग ते मेलं की आम्हीच हरवलं, हे सांगता येत नाही, आणि जो आकडा आज लिहायचा राहिला तो नंतर कितीही पैसे ओतले तरी मिळत नाही. माझ्या नोकरीची बारा वर्षं उरली आहेत. त्यात ही एक मोजणी बसते आणि फार तर आणखी दोन.

बाबा, तिथे मोजायचं कसं, हे मी मुलांना शिकवते तेव्हा तुमचं नाव घेत नाही, पण शिकवते ते तुमचंच. एक जण टेप लावतो आणि आकडा ओरडून सांगतो. लिहिणारा तो आकडा आधी मोठ्याने परत म्हणतो, मग लिहितो. "एकशे बेचाळीस." "एकशे बेचाळीस." दिवसभर जंगलात हेच चालू असतं. वर्षअखेरीला तुम्ही खतावणी घरी आणायचात, तुम्ही वाचायचात आणि आई टिक करायची. मी मधे झोपलेली असायचे. "वाचणारा आणि लिहिणारा वेगळा हवा, आणि लिहिणाऱ्याने गप्प बसायचं नाही." पहिल्याच मोजणीत आमच्या नोंदींत घोळ झाला होता, तेव्हा मी सरांना हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे तोच नियम आहे. माझ्या चाळीस-पंचेचाळीस लेखांत त्याचा उल्लेख कुठे नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आणि आई, तुझी बाटल्यांची गोष्ट. विल्यम बील नावाच्या प्राध्यापकाने 1879 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये वीस बाटल्या पुरल्या होत्या. ओलसर वाळूत मिसळलेलं तणांचं बी, बाटल्यांना बूच नाही, फक्त पाणी साठू नये म्हणून तोंडं खाली कललेली. आधी दर पाच वर्षांनी एक काढायची, पुढे दहा वर्षांनी, आता वीस वर्षांनी. 2021 मध्ये एक काढली, तीही रात्रीच्या अंधारात, बियांना उजेड लागू नये म्हणून. 142 वर्षांनी त्यातलं काही बी रुजलं. शेवटची बाटली 2100 साली निघायची आहे. बील 1924 मध्येच गेले. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा बियांबद्दल विचारत होते आणि तू विचारलंस, "पण बाटल्या कुठे पुरल्यात हे कोण लक्षात ठेवतं?" आई, तेच काम आहे गं. तिथे एक नकाशा आहे आणि तो एका प्राध्यापकाकडून दुसऱ्याकडे जातो. आमच्याकडे तो आता माझ्याकडे आला आहे.

मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हाचं एक सलतं, तेही लिहिते. पीएच.डी.ला मी झाडाखाली उगवलेली रोपटी मोजत होते. डॅनियल जॅन्झन यांनी 1970 मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी 1971 मध्ये, दोघांनी वेगवेगळं मांडलं की बी आईझाडाच्या अगदी खाली पडलं तर ते जगणं अवघड असतं. त्या जातीची कीड, बुरशी तिथेच दबा धरून असते. लांब पडलेलं तगतं. बाबांनी ते तुला समजूत घालायला सांगितलं आणि तू म्हणालीस, "म्हणजे मी कीड का?" आम्ही दोघं हसलो. तू हसली नव्हतीस. मी तेव्हा पाहिलं होतं आणि काही बोलले नाही. आई, ते बियांबद्दल आहे. माणसांबद्दल त्यात एक अक्षरही नाही. रोज सकाळी गुडघ्यावर बसून मी त्या रोपट्यांना रंगीत कडी घालायचे, आणि आदल्या दिवशी ताठ असलेलं रोपटं मातीलगत काळं पडून आडवं झालेलं दिसायचं. अशा वेळी मला तुझी इतकी आठवण यायची की मी नोंद करून तिथेच बसून राहायचे. शाळेत असताना ताप आला की तू पायाची बोटं एकेक करून ओढायचीस, अजून ताप आला की मला तेच हवं असतं.

आता चौथं पान. बाबा, थांबू नका, वाचा. तुम्ही न्हाणीघरात पडलात. तीन आठवडे झाले. मला सांगितलं नाहीत, आईलाही "पाय मुरगळला" एवढंच सांगितलंत. आई, ते पडले होते. लागलं नाही, दादाने डॉक्टरांना दाखवलं, हाड ठीक आहे. घाबरू नकोस. पण बाबा, मला न सांगण्याने मी लांब राहते आहे असं नाही वाटत, मला लांब ठेवलं आहे असं वाटतं. पुढच्या वेळी, पुढची वेळ येऊ नये, पण आली तर त्याच दिवशी फोन. मी येऊ शकले नाही तरी चालेल, मला माहीत असलं पाहिजे.

तेव्हा आता ऐका. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवायला माणूस शनिवारी येईल, त्याला परत पाठवायचं नाही. रात्री उठताना आधी दिवा, मग चष्मा, मग पाय खाली. रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, ती घेतली म्हणूनच बरं वाटतं. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मी घेतली आहे, त्या वेळी मोजणीला तीन आठवड्यांची सुट्टी टाकली आहे. थेंब घालायला मी असेन. आई, "आता या वयात कशाला" हे एकदा म्हण, दोनदा नको. आणि स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. माझे जुने कागद काढायलाही नाही.

रागावून लिहिलं नाही. वाचताना बाबांचा आवाज चढेल, म्हणून सांगते.

माझी काळजी करू नका, हे नुसतं म्हणून भागणार नाही, तर तपशील देते. केंद्रावर माझी स्वतंत्र खोली आहे, खिडक्यांना जाळी आहे, गरम पाणी सकाळी असतं. जेवण वेळेवर मिळतं, आमच्यापेक्षा स्वयंपाकवाल्या काकांना घड्याळाची जास्त काळजी. मी एकटी जंगलात जात नाही, चार जणांखाली कोणी जायचंच नाही असा नियम आहे. घोट्याच्या वर येणारे बूट घेतले आहेत. टेकडीच्या वळणावर फोन लागतो, मी रोज संध्याकाळी तिथे येईन. सहा ते साडेसहा. पाऊस असेल तर लागणार नाही, तेव्हा दादाला फोन करून त्याला हैराण करू नका.

बाबा, एक काम देते. पुढच्या खेपेला मी पहिल्या मोजणीच्या वह्यांच्या छायाप्रती घरी आणणार आहे. संगणकात भरलेले आकडे त्यांच्याशी ताडून पाहायचे आहेत. मुलांकडून मी ते करून घेऊ शकते, पण तुम्ही वाचावं आणि मी टिक करावं असं मला फार वाटतं. आईचे डोळे नीट झाले की मग ती टिक करील आणि मी मधे झोपेन.

तुमची,
मनू

ता. क. आई, चौथं पान झालं का वाचून? नसेल तर बाबांना परत वाचायला लाव, आणि प्रत्येक वाक्य तू त्यांच्यामागे म्हण.