सिस्टर टिकत नाहीत, त्याबद्दल

लातूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परभणीच्या तुमच्या साठ खाटांच्या दवाखान्यासाठी सिस्टर हव्यात म्हणून तू परत जाहिरात देतोयस म्हणे. जरा थांब. हजार-दोन हजार वाढवून नवी मुलगी मिळेलही, पण तीही दिवाळीच्या आत जाईल. तुझी गळती ड्यूटी चार्टात आहे.

हिशोब कर. वॉर्डात चोवीस तास एक सिस्टर हजर ठेवायची तर सकाळ, दुपार, नाइट अशा रोज तीन, म्हणजे आठवड्याच्या २१ ड्यूट्या भरतात. एकीच्या वाट्याला ६, म्हणजे साडेतीन जणी. रजा, आजारपण, बाळंतपण यासाठी ३० टक्के राखीव धर, साडेचार झाल्या. तू घेतल्यास तीन! मग एकीच्या घरी लग्न निघालं की दुसरीला डबल ड्यूटी आलीच. सकाळी आलेली पोरगी रात्री आठला सुटते, तोवर गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते. घरचे असं किती दिवस चालू देतील?

नाइटचं तर विचारूच नको. आठ ते आठ, वीस पेशंट आणि एकटी. नुसती रात्री दहाची इंजेक्शनं घे. व्हायलमधली पावडर विरघळवायची, व्हेन्फ्लॉन (शिरेत बसवलेली सुई-नळी) चालू आहे का बघायचं, औषध सावकाश सोडायचं, केसपेपरवर सही. पेशंटमागं पाच मिनिटं धरली तरी १०० मिनिटं होतात. शेवटच्याला दहाचा डोस पावणेबाराच्या सुमारास पोचतो. मधेच सलाइन संपली किंवा नवीन ॲडमिशन आलं की पुढचं सगळं घाईत. पेशंटच्या हाताला सूज येते आणि सकाळच्या राउंडला बोलणी सिस्टर खाते. नाइटला दुसरी सिस्टर दे. सलग तीनच्या वर नाइट लावू नकोस, आणि नाइटनंतरच्या ऑफला फोन करून बोलवायचं बंद कर.

‘बिल भरा’ हा निरोप सिस्टरच्या तोंडून जातो तुमच्याकडं. नातेवाईक अंगावर येतात ते बऱ्याचदा यावरूनच. ते काम काउंटरला दे. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद हे २०१० च्या कायद्यात आहे, ते पोस्टर भिंतीवर लावच. पण एका पेशंटमागं दहा माणसं आत सोडणाऱ्या वॉचमनला आधी पास तपासायला शिकव. कडी लागणारी चेंजिंग रूम आणि उन्हाळ्यातही पाणी असलेलं बाथरूम, एवढं तरी असावं की राव.

पगाराचं म्हणशील तर सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं ५० ते १०० खाटांच्या खाजगी दवाखान्यात सरकारी सिस्टरपेक्षा फार तर २५ टक्के कमी पगार असावा अशी शिफारस केली. तुझा आकडा त्याच्या जवळपासही नाही. एकदम जमत नसेल तर नाइट भत्ता तरी वेगळा दे, आणि तारखेला दे.

मूळ सर्टिफिकेटं कपाटात अडकवून ठेवलीत ती परत कर. सरकारी भरती निघाली की जायची ती जातेच, आणि ही गोष्ट नर्सिंग कॉलेजात पसरली की नवीन कुणी फिरकत नाही.

मागच्या दोन महिन्यांचे चार्ट पाठव, खाडाखोडीसकट. कुणाच्या नावापुढं किती डबल पडल्यात ते बघून पुढचं लिहितो.

तुझा,
सुधाकर