ते बाटलीतलं दूध तापवून पी

प्रिय गणू,

तू म्हणे कुठल्यातरी फार्मचं एटू दूध (A2, देशी गाईचं म्हणून महाग विकतात ते) लावलंस, काचेच्या बाटलीत येतंय आणि न तापवताच प्यायचं असतंय, तापवलं की त्यातला कस जातो. तुझ्या आईनं सांगितलं तवा डोकंच फिरलं माझं. अरे आपल्या दावणीला देवणी गाय आहे, तरी आजी उकळी आल्याबिगर कुणाला घोटभर देत नव्हती.

खालच्या आळीत एकाची गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे गर्भ पडला, त्यानं उघड्या हातानंच जार (वार) ओढून काढला. पुढं ताप जो लागला, यायचा जायचा, रात्री बनियन पिळून काढावं असा घाम, कंबर धरलेली, सगळे टायफॉईड टायफॉईड करत बसले आणि शेवटी रक्तात ब्रुसेला नावाचा जंतू निघाला, सहा आठवडे गोळ्या. हाच जंतू कच्च्या दुधातून बी येतोय, जनावराचा टीबी बी. गाय दिसायला धडधाकट असती बरं का. कालवड 4 ते 8 महिन्यांची असताना एकदा ब्रुसेलाची लस टोचतात, आपल्या दोन्हीला दिलीय, तुझ्या फार्मवाल्याचं काय माहीत. डेअरीत 72 डिग्रीला 15 सेकंद तापवलं तरी हे जंतू मरतात, तवा घरी एक उकळी बास, कॅल्शियम कुठं पळून जात नाही.

आता तुझं पोट गुडगुडतंय त्याचं. ते दुधातली साखर, लॅक्टोज, न पचल्यानं असंल, मोठेपणी बऱ्याच जणांचं असंच होतंय. एटू घेऊन काही फरक नाही, लिटरामागं 45-50 ग्रॅम लॅक्टोज त्यात बी असतंयच, उगं पैसे घालवायलास. येळवशीला (वेळ अमावस्येला) तांब्याभर ताकातली आंबील पिऊन तुला कधी काही झालं का, ताक दह्यात आंबताना ती साखर कमी होती म्हणून. दूध सोड, दही खा. पण अंगावर गांध्या उठल्या, दम लागला तर ती ॲलर्जी, मग दह्याच्या बी नादी लागू नको, सरळ दवाखाना.

आणि लेकराला गाईचं दूध पाणी घालून पाजा म्हणती तुझी आई, तिचं ह्या बाबतीत ऐकू नको. वर्षाच्या आत नकोच, त्यात लोह नसल्यातच जमा, वर काही लेकरांच्या आतड्यातून बारीक रक्त जातंय, अंगात रक्त राहत नाही. अंगावरचं चालू ठेवा, जोडीला वरणभात, नाचणी. सूनबाईला सांग, आईशी मी बोलतो.

फार्मवाल्याला विचार गायींची ब्रुसेलाची तपासणी कधी केली, काय म्हणतोय ते फोन करून सांग.

तुझे आबा