गाठ काढली, पुढे काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मेंदूतली गाठ काढली तेव्हा ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले योजनेने उचलला. ते उपकार आम्ही विसरलो नाही. हे पत्र त्यानंतरच्या सात महिन्यांचं आहे. ते सगळे आम्ही घरी काढले आणि त्या घरात एकदाही नर्स आली नाही.

डिस्चार्ज कार्डावर मेंदूची सूज उतरवणारी डेक्सामेथासोनची गोळी होती, पुढे इंग्रजीत 'टेपर' खरडलेलं. पाकीट संपलं तशी आम्ही गोळी थांबवली. तिसऱ्या दिवशी पहाटे अण्णा डोकं धरून बसले, उलट्या सुरू झाल्या, दुपारी तर हाकेला डोळे उघडेनात. ही गोळी एकदम बंद करायची नसते, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे थोडी थोडी उतरवायची. तिने साखर वाढते. सकाळी खाऊन घ्यावी, नाहीतर रात्रीची झोप उडते. हे पुढे वॉर्डातल्या एका सिस्टरने मला दहा मिनिटांत समजावलं. दहाच मिनिटं लागली, महोदय!

पहिली फिट आली तेव्हा चुलत्यांनी दातांत चमचा घातला, शेजाऱ्यांनी नाकाला कांदा लावला. अण्णांचा पुढचा दात तुटला. खरं तर कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेली तर १०८ ला फोन करायचा. डॉक्टरांनी दिला असेल तर नाकात फिट थांबवणाऱ्या मिडाझोलम या औषधाचा फवारा मारायचा. आम्हाला हा फवारा असतो हेच ठाऊक नव्हतं.

एके दिवशी अण्णांनी आईला शिवी दिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ती आठवडाभर जेवली नाही. गाठीने माणसाचा स्वभावही बदलतो, हे तिला सांगायला कोणी नव्हतं.

केरळने २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण केलं. तिथे पंचायतीच्या मदतीने नर्स घरोघर जाते. आपलं धोरण २०१२ चं आहे, पण आमच्या तालुक्यात ते मला कुठे दिसलं नाही.

डिस्चार्जचा कागद मराठीत द्या, कोणती गोळी कोणत्या तारखेला किती कमी करायची ते लिहून. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका तरी नर्सला या रुग्णांचं प्रशिक्षण द्या आणि फवारा तिच्या कपाटात ठेवा. तिची पहिली भेट रुग्ण घरी आल्यावर आठवड्याच्या आत व्हावी. आमची गोळी नवव्या दिवशी संपली होती.

आपली विश्वासू,
एका रुग्णाची मुलगी