मेसच्या काकांना रोज विचारत जा

चि. ओंकार,

काल तू फोनवर चिडलास, मेसच्या काकांना रोज 'यात दाण्याचं कूट आहे का' विचारायची लाज वाटते, मित्र हसतात, आणि परवा भाजीत कूट होतं तरी काही झालं नाही. हे "काही झालं नाही" ऐकून माझ्या पोटात गोळाच आला बघ, तुला दाण्याची ॲलर्जी आहे ना!

एकादशीची खिचडी आठवते ना? दोन घासांत ओठ सुजले, तुला रिक्षात घालून रावपुऱ्यातून नेलं, आणि आजीचं एकच, अगं याआधी चाटलं होतं की त्याने कूट! डॉक्टर म्हणाले, तेच तर. आधी शरीर गुपचूप तयारी करतं, आयजीई नावाच्या अँटिबॉडी बनवतं, त्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात, मग पुढच्या खेपेला दाण्यातल्या प्रोटीनने एकदम दोन-दोन अँटिबॉडी धरल्या की पेशी भसकन हिस्टामिन नावाचं रसायन ओतते. सूज, घसा आवळणं, बीपी पडणं, सगळं त्यातून. आणि कुठल्या वेळी किती होईल याचा भरवसा नाही.

ते प्रोटीनही महाचिवट, ॲरा एच २ म्हणतात, आत सल्फरच्या ४ गाठी, पोटातल्या रसांनाही धड सुटत नाहीत. आपण दाणे खमंग भाजतो ना, त्याने ते मरत नाही, उलट अँटिबॉडीला जास्तच चिकटतं. उकडल्यावर थोडं पाण्यात उतरतं, पण म्हणून उकडलेल्या शेंगा खाऊन बघायच्या नाहीत हां!

मला सलतं ते वेगळंच. तुला तान्हेपणी एक्झिमा होता, दाणे आम्ही तीन वर्षं तोंडाला लावले नाहीत, आणि त्याच फुटलेल्या कातडीला आजी घाणीचं सिंगतेल, म्हणजे दाण्याचंच तेल, चोळायची, रिफाइंड नसलेल्या तेलात प्रोटीन राहतं हे कोणाला ठाऊक. तोंडावाटे गेलं तर शरीर आपलं मानतं, कातडीतून शिरलं तर चोर समजतं, असं आता म्हणतात. २०१५ मध्ये लंडनच्या अभ्यासात एक्झिमावाल्या बाळांना वर्षाच्या आतच दाण्याचे पदार्थ द्यायला सुरुवात केली तर पाचव्या वर्षी ॲलर्जी ८० टक्क्यांनी कमी निघाली. तुझं तेलामुळेच झालं का कोण जाणे. आजीला मात्र हे सांगू नकोस.

ॲड्रेनलिनचं पेन, ते टोचायचं इंजेक्शन, कपाटात नको, बॅगेत ठेव, रूममेटला दाखवून ठेव, आणि घसा आवळला तर नुसती सिट्रिझिनची ॲलर्जीची गोळी घेऊन पडून राहू नकोस, पेन वापर.

चिवडा पाठवलाय, दाण्यांऐवजी नुसतं खोबरं आणि डाळं, कढईही नवीन आणली.

आई