उलट्या तारेबद्दल काकांचे आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते तर तुम्ही "पुरे आता" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

घरी स्पीकर जोडायच्या किटचं खोकं उघडलं तेव्हा काम सोपं वाटलं होतं. मापात कापलेल्या १८ मिलिमीटरच्या एमडीएफच्या (दाबून केलेल्या लाकडाच्या) फळ्या, खालच्या स्वरांचे दोन वूफर, वरच्या स्वरांचे दोन ट्वीटर, त्यांच्यात स्वर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरचे सुटे भाग आणि एक आकृती. पहिल्याच संध्याकाळी वूफरच्या चुंबकानं हातातला स्क्रूड्रायव्हर असा खेचला की त्याचा कोन (समोरचा हलणारा पडदा) फाटता फाटता वाचला. तुम्हाला पहिला फोन केला तो तेव्हा.

क्रॉसओव्हरच्या दोन्ही कॉइल मी शेजारी शेजारी, अगदी देखण्या ओळीत बसवल्या होत्या. फोटो बघून तुम्ही विचारलंत, "ट्रान्सफॉर्मर करायचाय का?" एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं, म्हणून एक आडवी नि एक उभी बसवायची, हे मला त्या टोमण्यातून कळलं ते कायमचं.

पण खरी ऋणी आहे ती बासच्या, म्हणजे खालच्या स्वरांच्या, रात्रीची. गाणं लावलं, तर तबल्याचा डग्गा कुठे दिसेना! एकेक स्पीकर वाजवला की ठीक, दोन्ही लावले की आवाज पोकळ. मी वूफर बिघडलेत म्हणून रडकुंडीला आलेली. तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवायला सांगितलात आणि विचारलंत, "कोन कुठे गेला?" एक बाहेर आला, दुसरा आत गेला. एकाच्या तारा उलट्या! ५० हर्ट्झची लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते. जेमतेम दोन मीटरवरचे दोन वूफर उलटसुलट हलले की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकणारच. (ट्वीटरला सेल लावू नकोस, हेही तुम्ही वेळेवर सांगितलंत. माझा हात तिकडेच निघाला होता.)

त्या उत्साहात मी ट्वीटरच्या तारासुद्धा 'सुधारायला' निघाले, कारण आकृतीत त्या उलट्याच होत्या. तेव्हा तुम्ही ओरडलात. या किटच्या क्रॉसओव्हरमध्ये, वूफर सोडतो नि ट्वीटर धरतो त्या स्वराशी, दोघांच्या लहरींत अर्ध्या फेरीचा फरक पडतो. तो भरून काढायलाच ट्वीटर मुद्दाम उलटा जोडलेला. ओरडलात त्याबद्दल वेगळे आभार.

येऊन दहा मिनिटांत सगळं जोडून देणं तुम्हाला सहज जमलं असतं. तुम्ही सोल्डरिंग आयर्नला हातही लावला नाहीत. तेव्हा थोडा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

डावा स्पीकर मागच्या कोपऱ्यात अजून किंचित फटीतून फुसफुसतो. सिलिकॉन भरून बघते. तुमचा मल्टिमीटर माझ्याकडेच आहे; त्याची बॅटरी मी संपवली, नवी घालून रविवारी आणून देते.

तुमची,
कॉइलवाली पुतणी