आजोबा, सिस्टर आणि काकू, थँक्यू!

मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची एक झडप अरुंद होते तो आजार) मर्मर, म्हणजे हृदयातला जास्तीचा आवाज, मेडिकलच्या लेक्चरला तोंडपाठ केलेला, मार्कही मिळाले, पण वॉर्डात स्टेथो लावला तर ऐकू येतोय फक्त पंखा! तेव्हा पेशंट आजोबाच म्हणाले, "डावीकडे वळतो, श्वास सोडून धरतो, आता स्टेथोची छोटी बाजू हलकीच टेकव" (माझ्याआधी किती जण ऐकून गेले असतील!) आणि खरंच ती बारीक गडगड आली. आणि सिस्टर, माझा थरथरता हात बघूनही तुम्ही पेशंटसमोर काही बोलला नाहीत, कॅन्युलात (शिरेत घालायची बारीक नळी, आत सुई असते) रक्त दिसल्यावर फक्त हळूच म्हणालात "अँगल कमी कर, आता सुई नको, नळी सरकव", हे स्लाइडवर होतं की, पण हाताला तेव्हा कळलं. ज्यांच्या हातावर माझे दोन प्रयत्न फुकट गेले त्या काकूंना सॉरी पण आणि थँक्यू पण. नावं विचारायची राहिलीच.